ओठांमागचा दात

पिंपळवंडीच्या पोपटला कुणी काम विचारलं की तो "शेतमजुरी" म्हणायचा. ते अर्धंच खरं होतं. लग्नसराई संपली की तो टोमॅटो तोडायला जायचा, पण त्याचा जीव होता ट्रम्पेटमध्ये. मग सांगायला काय झालं होतं? तर ज्यांच्या वरातीत घसा कोरडा करायचा, त्यांच्याच मांडवात बँडवाल्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी बसायची. "बाजा वाजवतो" म्हटलं की समोरच्याची नजर बदलते, हे त्यानं लहानपणीच पाहिलं होतं.

त्याला शिकवलं चुलत्यानं, बहिरूकाकानं. सुरुवातीला वाद्य हातात न देता नुसता तोंडाला लावायचा माउथपीस फुंकायला लावला. ओठांचे कोपरे घट्ट धरायचे, मधला भाग मोकळा सोडायचा आणि वरच्या सुराला वारा जोरात द्यायचा. "तोंडावर दाबू नगं," काका बजावायचे. "दाबून सूर निघतो, पण दात हलत्यात."

पोपटला पटायचं. पण शेजारच्या वरातीचा डीजे दणाणू लागला की पटून काय उपयोग? तो ट्रम्पेट तोंडावर रेटायचा. सूर नेमका लागायचा, नवरदेवाचे मित्र त्याला खांद्यावर घ्यायचे, आणि इकडे वरच्या ओठाला आतून घट्टा पडत गेला. शेवटी समोरचा दात हलू लागला.

काका अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी पुतण्याकडं एकच गोष्ट मागितली. त्यांनी स्वतः बसवलेली, शेवटाला वर चढणारी एक धून होती. आपल्याला नेताना पोपटनं ती वाजवावी.

"त्यो वरचा सूर तेवढा फाटू देऊ नगं."

पोपटनं शब्द दिला. दात मात्र भयंकर ठणकत होता. ठणका थांबला तर सूर नीट लागेल, असा सरळ हिशेब करून तो जुन्नरला दातांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी काम विचारलं, त्यानं सवयीनं शेतमजुरी सांगितली आणि दात काढून टाकायला लावला. वाजवताना ओठ त्याच दातावर टेकतो, हे वेड्याच्या ध्यानातच आलं नाही.

आठवड्यातच काका गेले. अंत्ययात्रेत पोपटनं ट्रम्पेट लावला. खालचे सूर कसेबसे निघाले. वर चढताना ओठ खळग्यात गेला आणि नुसता वारा सुटला. त्यानं पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. अखेर क्लॅरिनेटवाल्या नवनाथनं धून पुरी केली. काकांच्या बायकोनं, कोंडाबाईनं, एकदा मागं वळून पाहिलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर पोपटला बरं वाटलं असतं.

पुढं तो खोटा दात बसवायला गेला आणि आपण ट्रम्पेट वाजवतो हे त्यानं आपणहून सांगितलं. डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला.

"तेव्हाच सांगायचं होतंत. तारेनं बांधून वाचवून पाहिला असता. आता हा खोटा दात जेवणापुरता. यावर वाद्य टेकवू नका."

परतीच्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं, काय करता?"

"शेतमजुरी," पोपट म्हणाला. आता ते पुरतं खरं होतं.