मंगळवार भावाचा, शुक्रवार बहिणीचा

आमच्या इमारतीत, माझ्या दाराच्या बरोबर समोर, एक निवृत्त नकाशानवीस राहतात. नगरपालिकेच्या मोजणी विभागात चौतीस वर्षे त्यांनी गल्ल्या, नळवाहिन्या आणि घरांच्या हद्दी कागदावर उतरवल्या. देह उंच आणि सडपातळ, चालताना कोठेही न वाकणारा. त्यामुळे कचेरीने त्यांना ‘फूटपट्टी’ हे नाव ठेवले, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ राहिले तिकडेच, नाव मात्र त्यांच्याबरोबर घरी आले. ते स्वतःही आता फोनवर ‘मी फूटपट्टी बोलतोय’ असे सांगतात.

असा नेमका माणूस गेल्या महिन्यात तीन आठवडे एका प्रश्नात अडकून पडला. इतिहासकाळातली राज्ये चालवण्याचा एक व्हिडिओ गेम ते अकरा वर्षे खेळत आले आहेत. त्या गेमची नवी आवृत्ती बाजारात आली होती. ती घ्यावी की घेऊ नये, एवढाच तो प्रश्न. किंमत त्यांना जड नव्हती. त्यांनी माझा सल्ला विचारला तेव्हा मला प्रथम हसू आले, हे मी कबूल करतो. परंतु सगळी हकीकत ऐकल्यावर माझीही मती गुंग झाली.

हा गेम ते एकटे खेळत नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीबरोबर खेळतात. ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठ्या असून रेल्वेने नऊ तासांच्या अंतरावर राहतात. आईच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केले यावरून दोघांत बिनसले, आणि नऊ वर्षे बोलणे बंद होते. पुढे ताईंचा मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला. जाताना त्याने एकाच गेमच्या दोन डिस्क घेतल्या, एक आईच्या कॉम्प्युटरवर चढवली आणि दुसरी मामाच्या. ‘मामा, आईला खेळायला कोणी नाही,’ एवढेच तो म्हणाला. मामांनी आठ दिवस विचार केला आणि फोन लावला. नऊ वर्षांनंतर बहिणीशी बोललेले त्यांचे पहिले वाक्य होते: ‘तू धान्याचं कोठार बांधलंस का?’

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता फोन होतो. दोन्ही घरांत एकच डाव मांडलेला असतो. भाऊ आपली चाल करतात आणि फोनवरून सांगतात. ताई तीच चाल आपल्या कॉम्प्युटरवर त्यांच्या वतीने करतात. मग ताईंची पाळी. अडचण फक्त लढाईची. लढाईचा निकाल कॉम्प्युटर दैवावर सोडतो, त्यामुळे एकाच किल्ल्यासाठी इकडे विजय आणि तिकडे पराभव, असे सर्रास घडे. त्यावर दोघांनी नियम केला. मंगळवारी भावाकडचा निकाल खरा, शुक्रवारी बहिणीकडचा. दुसऱ्याने आपल्याकडे तोच निकाल येईपर्यंत ती लढाई पुन्हा पुन्हा लढायची. एकदा एका नदीच्या उतारासाठी त्यांना एक्केचाळीस वेळा लढावे लागले होते.

लढाई जुळेपर्यंत फोन चालूच असे. त्या वेळात गुडघ्यांची चौकशी होई, भाच्याचे पत्र वाचले जाई, एकमेकांच्या डॉक्टरांना नावे ठेवली जात, आणि एकदा तर आईचाही विषय निघाला व कोणीही फोन ठेवला नाही.

‘मग घोडं कुठे पेंड खातंय?’ मी विचारले.

‘गेल्या सहा महिन्यांत मंगळवारी तिच्याकडे लढाई लवकर जुळत नाही,’ ते म्हणाले. ‘चाळीस-चाळीस मिनिटं लागतात. तिचा कॉम्प्युटर थकलाय. ती काही बोलत नाही, पण तिला किती त्रास होत असेल. नव्या गेममध्ये हे सगळं आपोआप होतं म्हणे.’

म्हणून ते चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवतात. चष्मा कपाळावर, बोलणे रोखठोक. त्यांनी सांगितले की, नव्या आवृत्तीत दोन्ही घरे ऑनलाइन जोडली जातात, लढाई एकदाच होते आणि निकाल दोघांना एकाच क्षणी दिसतो.

‘म्हणजे फोन करायला नको?’ यांनी विचारले.

‘फोन कशाला, काका? फोनची कटकटच नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या जुन्या गेममध्येही हे होतं. एक बटण दाबायचं होतं.’

‘अकरा वर्षं?’

‘पहिल्या दिवसापासून.’

घरी परतल्यावर ते कितीतरी वेळ पायातली पादत्राणे न काढता बसून होते. पुढचे काही दिवस त्यांनी इंटरनेटवरची परीक्षणे वाचण्यात घालवले. एकाने लिहिले होते की असा गेम पूर्वी झाला नाही. दुसऱ्याने लिहिले होते की पूर्वीचाच बरा होता. तिसऱ्याने तीनशे तास खेळून ‘वेळ फुकट गेला’ असा अभिप्राय दिला होता. ‘तीनशे तासांनंतर कळलं याला,’ नकाशानवीस म्हणाले, ‘आणि याच्यावर मी विश्वास ठेवायचा.’ शिवाय जाहिरातीतल्या नकाशावर एक नदी त्यांना चढावरून वर जाताना दिसली. तिच्याविषयी त्यांनी कंपनीला दोन पानी पत्र पाठवले. उत्तरादाखल सवलतीचे कूपन आले. शनिवारपर्यंत वापरायचे होते. गोंधळात आणखी भर.

प्रश्न कागदावर मांडल्याशिवाय सुटत नाही, असे माझे मत आहे. मी त्यांना दोन रकाने आखायला सांगितले: डावीकडे घेण्याची कारणे, उजवीकडे न घेण्याची. रकाने त्यांनी अर्थातच सुरेख आखले. डावीकडे सहा कारणे होती. ‘ताईचा त्रास वाचेल’ हे पहिलेच, अधोरेखित. उजवीकडे ‘नदी चुकीची’, ‘परीक्षणे परस्परविरोधी’ अशी दोन, आणि पुढे तिसरा क्रमांक घालून जागा कोरी सोडलेली होती.

‘हे लिहायचं राहिलं का?’ मी विचारले.

‘राहिलं नाही. आहे ते. लिहिता येत नाही.’

मी त्या कोऱ्या ओळीकडे पाहिले आणि कागद परत केला. लढाई आपोआप जुळू लागली, तर पाच वाजता फोन कशासाठी करायचा? ‘सहज केला’ असे सांगून बहिणीला फोन करणारा हा गृहस्थ नव्हे. आणि त्याची बहीणही त्याच मातीची. बहिणीचे कष्ट चालू ठेवावेत, तर आपण स्वार्थी; वाचवावेत, तर बोलणे संपले. धरले तर चावते, सोडले तर पळते. मी ‘घ्या’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी ‘घेऊ नका’ म्हणालो. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मला विचारणे सोडले.

शुक्रवारी मात्र त्यांनी मला बोलावून घेतले. ‘आज तिलाच विचारतो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही समोर बसा. समोर कोणी असलं की मी विषय सोडून भरकटत नाही.’ हात मोकळे राहावेत म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर उलटा मांडतात. पाचच्या ठोक्याला त्यांनी तो लावला.

‘बोल,’ ताईंचा आवाज आला. ‘तुझी फौज अजून घाटाखाली आहे का? की घाट मोजून घेतोयस?’

‘ताई, थांब. आधी एक विचारायचं आहे. नवा गेम आलाय. त्यात लढाई आपोआप जुळते. तुझा मंगळवारचा त्रास जाईल. घ्यायचा का?’

‘कसला त्रास?’

‘चाळीस मिनिटं लढाई जुळत नाही तो.’

ताई म्हणाल्या, ‘अरे, माझा कॉम्प्युटर सहा महिन्यांपूर्वीच शेजारच्या मुलींना देऊन टाकला. मला स्क्रीनवरचं दिसत नाही आता. एका डोळ्यातलं गेलं, दुसऱ्यात मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं तेवढं दिसतं.’

नकाशानवीसांनी माझ्याकडे पाहिले, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

‘मला सांगितलं नाहीस.’

‘सांगितलं असतं तर तू डाव बंद केला असतास. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का?’

‘पण मग खेळत कशी होतीस?’

‘तू सांगतोस ना. कोणता किल्ला कुठे, नदीपासून किती घरं, जहाज कोणत्या दिशेला तोंड करून. इतकं बारीक सांगतोस की डोळे मिटले तरी दिसतं. डोळे उघडले तर दिसत नाही, तो भाग वेगळा.’

‘आणि मंगळवारी? चाळीस मिनिटं काय जुळवत होतीस?’

‘काही नाही. बोलत होते.’

मी उठून जावे की काय अशा विचारात होतो. तेवढ्यात त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली.

‘ताई. शुक्रवारचे निकाल?’

‘हं.’

‘शुक्रवारी तुझ्याकडचा निकाल खरा. तुझ्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. बंदरापाशी माझी सतरा जहाजं बुडाली.’

‘बुडाली.’

‘कशी बुडाली?’

‘मी बुडवली,’ ताई शांतपणे म्हणाल्या. ‘तू फार माजला होतास.’

‘आणि मी इथे तुझ्या निकालाशी जुळवायला ती लढाई तेवीस वेळा लढलो!’

‘मला माहीत आहे. तुझा पुतळा उभारला पाहिजे.’

मला हसू आवरले नाही. ते मात्र हसले नाहीत. त्यांना राग आला होता की दुःख झाले होते, की दोन्ही, हे त्यांनाही उमगत नसावे. चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा, असे त्यांनी दोन-तीनदा केले. मग म्हणाले, ‘डॉक्टर काय म्हणतात?’

‘आहे तेवढं राहील म्हणतात. त्याचं नंतर बोलू. नव्या गेमचं काय म्हणत होतास?’

‘त्यात अक्षरं मोठी आहेत,’ ते म्हणाले आणि त्यांचे त्यांनाच ते निरर्थक वाटले असावे. ‘नाही. अक्षरांचा उपयोग नाही. पण तुला हवा तर मी एकच घेतो. इथे लावतो आणि तुला वाचून दाखवतो. नकाशा नवा आहे. एक नदी चुकलीये, ती मी सांगताना सुधारून सांगेन.’

‘लढाई कोण ठरवणार?’

‘गेम. दोघांसाठी एकदाच.’

‘शुक्रवारीसुद्धा?’

‘त्याला शुक्रवार कळत नाही, ताई.’

‘मग मला काय करायला ठेवलंस त्यात?’

एका बाजूला डोळ्यांनी अधू बहीण, दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांची सरळसरळ खोटी लढाई. आयुष्यभर एका वितीच्या हद्दीसाठी तीनदा मोजणी करणाऱ्या माणसाने यांतले काय खरे धरावे, हे मी त्यांच्या जागी असतो तर मला ठरवता आले नसते.

त्यांनी टेबलावरचे कूपन उचलले, त्याची घडी घातली, उलगडली, आणि पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिले.

‘खाली जाताना दुकानात सांगाल का, नको म्हणून?’

‘कारण विचारलं तर?’

‘कारण तुम्ही ठरवा. मला नक्की सांगता येणार नाही.’

‘कोण आहे रे तिथे?’ ताईंनी विचारले.

‘शेजारचे. साक्षीला बसवलेत.’

‘बरं झालं. म्हणजे घाटावरचा निकाल लिहून घ्यायला कोणी तरी आहे.’

नकाशानवीस खुर्ची पुढे ओढून ताठ बसले. घाटाखाली फौज कशी उभी आहे, वाट किती रुंद आहे, वर ताईंचे धनुर्धारी किती आणि कोणत्या कड्यावर आहेत, हे त्यांनी सगळे क्रमाने सांगितले; पूर्वीपेक्षा सावकाश आणि दिशांसह. मग त्यांनी चढाईचा हुकूम दिला. स्क्रीनवर त्यांचा विजय झाला. तो मी स्वतः पाहिला. त्यांनी तो ताईंना सांगितला नाही.

‘आज शुक्रवार,’ ते म्हणाले. ‘काय झालं तुझ्याकडे?’

‘थांब, बघू दे,’ ताई म्हणाल्या. अर्धे मिनिट गेले. ‘निम्मे मेले. बाकीचे पळाले. तू मात्र वाचलास.’

‘ठीक आहे,’ ते म्हणाले आणि जिंकलेली लढाई पुसून पहिल्यापासून लढू लागले. दुसऱ्या वेळीही ते जिंकले. तिसऱ्या वेळीही.

‘जुळलं का?’ ताईंनी विचारले.

‘नाही अजून. डॉक्टरांचं सांग तोवर.’