रुमालाखालचा हात

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात; भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. हे मी वडिलांकडून, अप्पांकडून शिकलो. धंदा मात्र माझा मी वाढवला.

अप्पांच्या हृदयात गुठळी झाली तेव्हा थोरल्या भावाने त्यांना हैदराबादला नेलं. परत आणून सोडलं ते रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांसह. "रोज द्यायच्या, चुकवायच्या नाहीत," एवढंच तो मला म्हणाला. काय जपायचं तेही डॉक्टरने त्याला सांगितलं होतं. ते त्याने हैदराबादेतच ठेवलं.

पुढे एका बाजारी हुलसूरकडच्या हेड्याशी अप्पांनी सौदा केला. चहा पिईपर्यंत त्यांची बोटं जांभळी झाली. मी हेड्याची गचांडी धरली.

"म्हाताऱ्याचा हात मोडायलास व्हय रे?"

"अण्णा, बोट दाबलंय, चरकात घातलं न्हाई! तुझा बाप इतका नाजूक कामून झालाय ते बघ की."

मी गचांडी सोडली. आयुष्यभर अप्पांनी बोटं दाबून घेतली होती. हातावर कधी डाग उठला नव्हता.

"अप्पा, अजून कुठं काय होतंय?"

"दात घासताना लिंबाच्या काडीला रक्त लागायलंय. अन् परसाकडं काळं होतंय, डांबरावानी."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर मला बाजारला आणलं असतंस व्हय?"

बैल तिथेच शेजाऱ्याच्या हवाली करून मी त्यांना बीदरला नेलं. रक्त तपासून डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या अप्पांच्या खिशातच निघाल्या. त्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांसोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हाताऱ्या माणसाला जास्तच धोका, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांना ठेवून घेतलं, रक्त चढवलं. वाचले.

भाऊ अजून पाहुण्यांत सांगतो, "यानं म्हाताऱ्याला बाजारात फिरवलं, म्हणून रक्त गेलं." घरी बसवलं असतं तर ती बोटं कोणी दाबली असती, आणि आत रक्त जातंय ते कळलं कसं असतं? हे मी त्याला तोंडावर ऐकवलं आहे. त्याला पटत नाही. मीही माझं म्हणणं सोडलेलं नाही.

अप्पांनी दुकानाच्या गोळ्या टाकल्या, रक्त तपासायला जात राहिले, बाजार मात्र सोडला नाही. फक्त रुमालाखाली हात माझा. ते शेजारी बसून गिऱ्हाइकाचं तोंड निरखत. मी सौदा लवकर तोडायला लागलो की पुटपुटत, "घाई कामून करायलास? दाब अजून. तुझं रक्त घट्ट हाय."