कप्तानचा उष्टा पाव

चार वर्षांचं मूल बोलत नसेल तर तुम्ही आधी कुठे जाल? खरं सांगा. पेरूतल्या आमच्या युरिमाग्वासमध्ये सगळे एदुविनाबाईकडे जातात.

ही बाई नदीच्या धक्क्यावर पानात बांधलेला हुआने भात विकते. गाडीवर तिचा पोपट बसतो, कप्तान. पोपटाचा उष्टा पाव खाल्ला की मुलाला वाचा फुटते, असं आमच्याकडे मानतात. एदुविना त्याचा एक पैसा घेत नाही. पण पाव देताना तिची मान जरा ताठ होते, हे मी पाहिलंय.

येसेनियाने आपल्या चार वर्षांच्या लेकीला, मिरेयाला, तिथेच नेलं. आणि एका सकाळी पोरगी धक्क्यावर खणखणीत बोलली, "गरम आहे, या!" थेट एदुविनाच्या हेलात. हमालांनी टाळ्या वाजवल्या, येसेनियाने कप्तानचा मुका घेतला.

उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आम्हा पालकांच्या गटाने घाटापलीकडच्या तारापोतोच्या इस्पितळात भांडून भांडून मिरेयाच्या तपासणीची वेळ मिळवली होती. येसेनिया म्हणाली, आता कशाला, बोलते की. माझं डोकं फिरलं. मी नको ते बोलले, तिने दार लावून घेतलं. ही वेळ हुकली असती तर पुढची कधी मिळणार, देव जाणे.

ते दार उघडायला लावलं एदुविनाने.

आदल्या दिवशी मिरेयाने तिचा हात धरून तिला पाण्याच्या माठाकडे ओढलं होतं. तोंडाकडे बघितलं नाही. ओढताना एकच चालू, "गरम आहे, या." एदुविनाने पाणी पाजलं, आणि मग दिवसभर तिचं गिऱ्हाइकांत लक्ष लागलं नाही.

"पोरी, माझा कप्तानही बोलतो," ती येसेनियाला म्हणाली. "पण तहान लागली की वाटीच आपटतो. तुझ्या लेकीकडे माझे शब्द आलेत. तिचे स्वतःचे अजून यायचेत."

"म्हणजे पाव लागू पडला नाही?"

"नाही पडला. अख्ख्या धक्क्यासमोर फुगून बसले होते, आता अख्ख्या धक्क्याला मीच सांगेन. तू ऊठ. मी येते बरोबर."

गाडी बंद ठेवून ती आली. घाटात तिला स्वतःला उलट्या झाल्या तरी मिरेयाला मांडीवरून उतरवलं नाही.

डॉक्टरीणबाई जमिनीवर बसल्या. साबणाचे फुगे उडवले, नावाने हाक मारली, खिडकीकडे बोट दाखवलं. मिरेया फुगे बघत राहिली. मग त्यांनी येसेनियाला अगदी लहानपणापासूनचं विचारलं, घाई न करता. शेवटी म्हणाल्या, ऑटिझम आहे. येसेनियाने विचारलं, ते "गरम आहे, या" म्हणणं बंद करायचं का?

"मुळीच नाही. त्या शब्दांवर लोक जवळ येतात, हे तिने पाहिलंय. ती तुम्हाला बोलावतेय, बाई."

येसेनिया तिथेच रडली. एदुविनाही.

आता मिरेया "गरम आहे, या" म्हणाली की येसेनिया धावत जाते, पाणी देते आणि हळूच म्हणते, "पाणी." मिरेया अजून तो शब्द म्हणालेली नाही. पण परवा पाणी पिता पिता तिने आईच्या ओठांवर बोट ठेवलं.

एदुविना अजून पाव देते. आशेने आलेल्या आईला ती परत पाठवत नाही. फक्त आधी आमच्या गटाचा पत्ता हातात ठेवते.

तुम्हीही तेवढं करा. पाव हवा तर खुशाल भरवा, पण त्याच आठवड्यात मुलाला तपासायला न्या.