ताराकाकूंच्या अंगणातलं ऊन

आमच्या टीव्हीचा आवाज गेलाय असं समजून शेजारच्या ताराकाकू पहिल्यांदा बोलायला लागल्या. आमच्या यांनी जुन्या मुक्या पिक्चरची सीडी आणली होती. त्यात एक जाड्या आणि एक काटकुळा असे दोन शेजारी कुंपणावरून भांडायचे. एकाने बादली ओतली की दुसरा त्याच्या डोक्यात मडकं घालायचा. मी मुळात बुजरी; हा पिक्चर मुकाच असतो, हे सांगायला माझं तोंड उघडेना. काकूंना दया आली. "ऱ्हाव दे बाय, मी बोलते," म्हणत त्या दोघांच्याही वतीने भांडू लागल्या.

भांडणाची त्यांना सवयच होती. त्या पनवेलच्या बाजारात सुकट, म्हणजे सुकी मासळी, विकायच्या. जवळा, बोंबील अंगणात वाळत टाकायच्या. बुटक्या भिंतीपलीकडे नामाभाऊ राहायचे.

"तारे, वास येतो!"

"मंग नाक माज्या अंगणात कशाला धाडतंस?"

शेवटी नामाभाऊंनी भिंत पुरुषभर उंच करायची ठरवली. विटा येऊन पडल्या. भिंत चढली की काकूंच्या अंगणातलं ऊन जाणार, आणि ओली सुकट कोण घेणार?

गवंडी येण्याच्या आदल्या दुपारी काकू आल्या. "लाव गो तुजा मुका." काटकुळ्याच्या तोंडून त्यांनी नामाभाऊंचा उद्धार केला. मग जाड्याकडून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तारे, माज्या आयेला दमा हाय. तुजी सुकट वाळते नि ती खोकते. मी काय करू?"

मी वळून बघते तर दारात नामाभाऊ. उद्या गवंडी येणार, सुकट हलव म्हणून काकूंना सांगायला आले होते. त्यांनी दारातूनच विचारलं,

"आयेचं मी तुला कवा बोललो?"

"बोलाया कशाला होवं? तिचा खोकला येतो की भिंतीवरून."

"मंग सुकट दुसरीकडं का नाय टाकलीस?"

"कुठं टाकू? तुज्या डोक्यावर?"

तेव्हा मी म्हणाले, "आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. वासही वरच्या वर जाईल." परक्या पुरुषासमोर इतकं मी कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. काकूंना टोपली घेऊन चढता यावं म्हणून नामाभाऊंनी भिंतीसाठी आणलेल्या विटांचा, आपल्याच अंगणालगतच्या आमच्या जिन्याला कठडा बांधून दिला. काकू पहिल्यांदा वर चढल्या आणि अर्ध्यातच थांबून ओरडल्या, "नाम्या, वाकडा बांधलास मेल्या! पडले तर तुज्याच अंगणात पडंन!"