फाईटबाईंची धाकटी

फाईटबाईंना स्टुडिओत कोणी नावाने हाक मारत नसे. उमेदीची वर्षं त्यांनी सिनेमात नट्यांच्या वाटचा मार खाण्यात घालवली. बरगड्या मोडल्या, गुडघा कामातून गेला. आता त्या खुर्चीत बसून कॉम्प्युटरमधल्या माणसांकडून मारामाऱ्या करून घेत, त्याही नुसतं बोलून. "मानगूट धर. भिंतीवर आपट. अरे लेका, उशी झटकतोयस का? जोरात हाण." की पडद्यावरचा गडी मुकाट्याने समोरच्याचं डोकं फोडी. इतकं ऐकणारी माणसं घरात असती तर आणखी काय हवं होतं!

त्या दिवशी दुपारी धाकटी बहीण आली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. "पडले," म्हणाली. पडण्यात जिचा जन्म गेला तिलाच हे सांगावं, म्हणजे कमाल झाली. फाईटबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांनी तोंड आवरलं. मेव्हण्याला शिव्या घातल्या की धाकटी उठून जाई, आणि जाई ती त्याच्याचकडे. आजही जाणारच होती.

"पोरीसाठी जायला हवं गं, ताई."

"जा. पण आधी याला सांग, कशी पडलीस ते," म्हणत त्यांनी माईक पुढे सरकवला.

धाकटीने कसंनुसं हसत माईक उचलला. मग माणसांना सांगता येत नव्हतं ते पडद्याला सांगू लागली. बाई ओट्याशी. पुरुष मागून येतो, केस धरतो.

"कोणत्या हाताने?" मशीनने विचारलं.

"डाव्या. उजव्यात पट्टा."

बाईचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. ती कोसळली तशी पाठीवर, मांड्यांवर, तोंड झाकणाऱ्या बोटांवर पट्टा बसू लागला. जन्मभर मारामाऱ्या केलेल्या फाईटबाईंना बघवेना.

मशीन मध्येच थांबलं. कुठलीही वस्तू कोणी आणल्याशिवाय हातात आलेली त्याला चालत नसे. "पट्टा आधी कुठे होता?"

"आतल्या खोलीत. कपाटात."

"पुरुष स्वयंपाकघरातच आहे. पट्टा कोणी आणला?"



"मुलीने."

"मुलगी चालत येते की धावत?"

"धावत," ती म्हणाली. "उशीर झाला की तो मला जास्त मारतो. कळतं तिला."

पडद्यावर एक लहान मुलगी दोन्ही हातांत पट्टा धरून धावत आली, बापाला देऊन भिंतीशी उभी राहिली.

धाकटीने माईक खाली ठेवला. "ताई, शाळा सुटायच्या आत निघू. तिला तुझ्याकडे आणायचंय."