इडली, वडा आणि गौंडरांचं बॉनेट

कोइमतूरची माणसं इतकी मर्यादशील, की अंगणात शिरलेल्या कुत्र्यालासुद्धा ‘जरा बाहेर जाता का’ म्हणतील. तरी गाडीला अहोजाहो करणारा माणूस मी इथं एकच पाहिला, तो म्हणजे नाचिमुत्तू. पॉलिशचं मशीन बॉनेटला टेकवण्याआधी ते वाकून विचारतात, “सुरू करू का, अय्या?” आणि खरोखरच क्षणभर थांबतात. गाडी नको म्हणाली तर काय करतील, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरच्या कारखान्यात त्यांची अकरा वर्षं गेली. स्टीलच्या पिंपांना चकाकी आणायचं काम. कारखाना बंद पडला तेव्हा हातांतली कला तेवढी उरली, ती त्यांनी गाड्यांना लावली. मशीनच्या तोंडाशी फोमचं गोल पॅड लागतं. ते कडक, मध्यम, मऊ असं मिळतं आणि ओळखू यावं म्हणून कंपन्या त्याला रंग देतात. पंचाईत अशी, की एकीचं पिवळं मऊ, तर दुसरीचं पिवळं कडक. या गफलतीत नाचिमुत्तूंनी सुरुवातीला एका डॉक्टरांच्या गाडीचं दार पार धुरकट करून ठेवलं होतं. त्या दिवसापासून रंगावरचा विश्वास संपला. आता ते पॅड अंगठ्यानं दाबतात, किती झटकन वर येतं ते पाहतात आणि त्याचं बारसं करतात. कडक तो वडा, मधला उत्तप्पा, मऊ ती इडली.

“आधी इडली लावून बघायची, सार. इडलीनं भागलं तर वडा कशाला?”

हे तत्त्वज्ञान मला एक दिवस आधी कळलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आमचे घरमालक मरुदाचलम गौंडर साठ वर्षांचे झाले. इथल्या रीतीनं साठीला त्याच बायकोशी पुन्हा लग्न लागायचं होतं, मरुदमलैच्या देवळात, पहाटेच्या मुहूर्तावर. त्यासाठी आदल्या दिवशी दुपारी चार वाजता निघायचं होतं. त्यांच्या बायकोची, पावायम्मांची, अट एकच: पहिल्या लग्नात ज्या काळ्या अ‍ॅम्बॅसिडरमधून सासरी आले, तिच्यातूनच जाणार. दुसऱ्या गाडीत पाऊल ठेवणार नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी, मी इथं नवा आणि एकटा असताना टायफॉइडनं पडलो, तेव्हा या बाईंनी तीन आठवडे मला रस्सम-भात भरवला होता. म्हणून गाडी मीच चकचकीत करून देईन म्हणालो आणि मशीन मागवलं. सोबत चार पॅड आली: पांढरं, निळं, लाल, पिवळं. लाल म्हणजे धोका, ते बाजूला ठेवलं. लग्नाची गाडी, म्हणजे हळदीचं पिवळं. यात चूक ती काय?

पॅड बघता बघता काळं झालं. मला धन्य वाटलं. केवढी घाण निघतेय! मग उन्हात येऊन पाहिलं, तर बॉनेट ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखं दिसत होतं.

पावायम्मा जिन्यातून डोकावल्या. “काय हो तंबी,” धाकट्या भावाला म्हणावं तसं त्या म्हणाल्या, “गाडीला विभूती लावलीत?”

मी नाचिमुत्तूंना फोन केला. मी नोकरी करतो त्या कारखान्यात साहेबांची गाडी चमकवायला ते येत, तेवढीच ओळख. पण आले. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं.

“सार, तुम्ही घाण नाही काढलीत. रंग काढलात.”

“सगळा?”

“थोडा ठेवलात. उपकार झाले.” मग त्यांनी बॉनेटच्या मधली धार दाखवली. “इथं कडक पॅडचा आणखी एक हात फिरला असता तर खालचा करडा प्रायमर बाहेर. मग आज चार वाजता काय, चार दिवसांतही होत नाही.”

गाडीची परवानगी घेऊन त्यांनी आपला उत्तप्पा फिरवला. ओरखडे गेले, पण झळाळी येईना. आता इडली हवी. त्यांनी पिशवी उलटी केली. मऊ पॅड धुऊन घरी गच्चीवर वाळत होती. त्यांनी बायकोला फोन लावला. “सोर्णम, दोन इडल्या घेऊन ये. मऊ बघून. लवकर!”

सोर्णम अर्ध्या तासात रिक्षानं आल्या. हातात स्टीलचा डबा.

“एवढी भूक होती तर सकाळी डबा का नाही नेलात? दोन म्हणालात, पण हे सार पण असतील म्हणून सहा आणल्या. चटणी खाली आहे.”

नाचिमुत्तू पायरीवर बसले. “अगं, गच्चीवरच्या!”

“गच्चीवर कोण इडल्या ठेवतं? आणि गाडीला अहो, मला अगं?”

तीन वाजले होते. सोर्णमअक्कांनी मात्र पदर खोचला, माझी चारही पॅड पुढं ओढली आणि वाफेतून काढलेल्या घाण्याची परीक्षा करावी तसा प्रत्येकावर अंगठा दाबला.

“हे घ्या. इडली माझ्यापेक्षा चांगली जमलीय.”

ते लाल होतं. धोक्याचं म्हणून मी बाजूला सारलेलं.

नाचिमुत्तूंनी डोळे मिटून ते दाबलं, काचेखालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर फिरवलं, वाकून पाहिलं. बायकोकडे बघून मान डोलावली. मग हलक्या हातानं, धारेपाशी आणखी हलक्या हातानं, मशीन फिरत राहिलं. ओल्या पाटीतून हळूहळू आभाळ वर आलं, मग नारळाचं झाड, मग माझं तोंड.

पावणेचारला पावायम्मा रेशमी साडी नेसून खाली आल्या. बॉनेटमध्ये बघून त्यांनी केसातला गजरा सारखा केला. मी गौंडरांना सगळं कबूल करायला तोंड उघडलं.

“माहितीय,” ते म्हणाले. “सकाळपासून वरून बघतोय.”

“मग बोलला नाहीत?”

“तुम्ही रडायच्या बेतात होता. लग्नघरी कुणाला रडवू नये.”

पावायम्मांनी मागचं दार उघडलं. “सोर्णम, बसा. तुम्हीही बसा हो.”

नाचिमुत्तू मागं सरकले. अंगावर पॉलिशचा बुक्का उडालेला. “नको अम्मा, कपडे…”

“हजार गाड्या पुसल्यात यांनी,” सोर्णमअक्का आत बसत म्हणाल्या, “मला एकीत बसवलं नाही. आता या मुकाट्यानं!”

ते टॉवेल अंथरून अंग चोरून बसले. फळांची ताटं उरलेल्या जागेत गेली. ती उरलेली जागा माझी होती.

मी बसनं गेलो. गर्दी होती, दांडीला लटकून उभा होतो आणि एकटाच हसत होतो. शेजारच्या गृहस्थांनी अदबीनं विचारलं, “काही विशेष, अय्या?”

“आमच्या घरी लग्न आहे,” मी म्हणालो.