पडद्याच्या आमच्या बाजूला

नागपुरात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ बसलं, त्या हिवाळ्यात अमरावतीतले बरेच लोक पूर्वी चळवळीत होते असं कळू लागलं. कापसाच्या एका अडत्याच्या मुलाने मुंबईहून कॅमेरा आणला आणि वऱ्हाडच्या चळवळीचा मुका सिनेमा काढला. तो शाळांतून दाखवायचा होता. त्याआधी तो खरा आणि निःपक्षपाती आहे का, हे ठरवायला तीन वकिलांची कमिटी नेमली. एकाने सिनेमाला वर्गणी दिली होती, दुसरा सिनेमा काढणाऱ्याचा मेहुणा होता, आणि तिसरे आमचे हे. ह्यांचा सिनेमाशी संबंध नव्हता, चळवळीशीही नव्हता, म्हणून त्यांचं मत वजनदार मानलं गेलं.

खेळ पाहायला माझी धाकटी नणंद अकोल्याहून आली. वन्सं लहानपणीच विधवा झाल्या आणि सासरीच राहिल्या. चळवळीत अकोल्याला दारूच्या दुकानापुढे बायका उभ्या राहिल्या होत्या. त्यांत वन्सं पुढे होत्या, आणि तुरुंगातही गेल्या. सुटून आल्यावर त्यांच्या सासूबाईंनी त्यांना चुलीला हात लावू दिला नाही. तुरुंगातलं अन्न पोटात गेलेली सून. धुणं, झाडणं, दळण सगळं त्यांच्या हातचं चाले. जेवायला मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायचं.

"सिनेमात दुकानाची गोष्ट आली की सासूबाईंना दाखवीन," टांग्यातून उतरता उतरताच त्या म्हणाल्या. "छापलेलं त्या मानत नाहीत. डोळ्यांनी दिसलेलं मानतील."

पडदा एका शेठजींच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आवाराच्या मधोमध बांधला होता. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. कापड ओलं केलं की चित्र आरपार दिसे. आम्हांला अक्षरं उलटी दिसत, त्यामुळे माझी चौथीची विद्या तिथे फुकट गेली. चित्र समजावून सांगणारे गृहस्थ छडी घेऊन पुरुषांकडे उभे होते, आणि यंत्राच्या घरघरीत त्यांचं बोलणं आमच्यापर्यंत येत नव्हतं. म्हणजे इतिहास पुरुषांनी ऐकला. आम्ही नुसता पाहिला.

पाहिला तो असा. जिनाचे शेठजी कडक इस्त्रीची खादी घालून तुरुंगात जात होते. वर्गणी देणारे वकील जात होते. मेहुणे जात होते. तुरुंगात जायला एवढी गर्दी होती की शिपायांनाच जागा उरली नव्हती.

माझ्या शेजारी आमच्याकडे भाजी घालणारी माळीण बसली होती. ती म्हणाली, "अवो बाई, हे तं याच जिनाचं फाटक होय. आत्ता इथूनच आलो ना आपण."

बायका हसल्या. पलीकडून कोणीतरी ओरडलं, "शांत राहा. इतिहास चालू आहे."

दारूचं दुकान आलंच नाही. शेवटी काही बायका आरत्या घेऊन शेठजींना ओवाळताना दिसल्या आणि दिवे लागले. वन्सं पदर सारखा करत उठल्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कमिटी आमच्या ओसरीवर बसली. मी आत चहा गाळत होते.

"संशोधन खोल आहे," वर्गणीवाले म्हणाले. "गावातला एक मोठा माणूस सुटला नाही."

"अकोल्याचं दुकान नाही आलं," हे म्हणाले. बहीण घरात असल्यामुळे म्हणाले असावेत.

"त्याचा फोटो कुठे आहे? पुराव्याशिवाय इतिहास होत नाही, वकीलसाहेब," मेहुणे म्हणाले.

वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. "दादा, तुरुंग जिनात केव्हा हलवला?"

मेहुण्यांनी चिवडा खाली ठेवला. "ताई, ते फाटक प्रतीक आहे."

"मग दुकानापुढं एक बाई प्रतीक म्हणून उभी करायची होती. लुगडं मी दिलं असतं."

ह्यांनी चहा जरा लवकर मागितला. संध्याकाळपर्यंत सिनेमा खरा आणि निःपक्षपाती ठरला. ह्यांनी 'किरकोळ उणिवा वगळता' असे तीन शब्द घातले, आणि बहिणीसाठी आपण भांडलो असं त्यांना आजही वाटतं.

पुढे तोच सिनेमा अकोल्याला लागला. कमिटी म्हणून ह्यांना बोलावणं होतं, मीही गेले. फुकटचा खेळ, म्हणून वन्संच्या सासूबाईही आल्या आणि बायकांत पुढे बसल्या. शेठजी तुरुंगात जाऊ लागले तशी मागून एक बाई म्हणाली, "काहून चालले हे समदे? काही समजून नाही राहिलं."

वन्सं उठल्या. एवढ्या बायांसमोर मला नाव विचारलं तरी घाम फुटला असता. त्या म्हणाल्या, "हे अमरावतीच्या जिनाचं फाटक आहे. तुरुंगाचं कसं असतं ते मी सांगते."

पडद्यावर शेठजी चालत राहिले आणि आमच्या बाजूला दारूचं दुकान उभं राहिलं. दुकानदाराने अंगावर ओतलेलं पाणी आलं, हवालदार आला. सुटून आल्यावर वन्संनी मला सांगितलं होतं तेव्हा हा हवालदार लहानखुरा होता. आता तो चांगला दाराएवढा झाला होता. भाकरीतली वाळूही वाढली होती. पण त्यांना टोकणार कोण? ती भाकरी आमच्यापैकी दुसऱ्या कोणी खाल्ली नव्हती. काही पुरुष पडद्याला वळसा घालून आमच्याकडे येऊन उभे राहिले. सासूबाई पडद्याकडे पाहतच नव्हत्या.

रात्री आम्ही वन्संच्या सासरीच राहिलो. सकाळी मी परसात तोंड धूत होते. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "मीच धाडलं व तिले. म्हटलं, तू जाय, घरचं मी पाहीन. माझ्या जिवावरच गेली ती."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि वन्सं चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. आतून वरणाला फोडणी दिल्याचा आवाज आला.